उभं वल्हं

देवसाळच्या खाडीत घोळ मासे डोळ्यांनी शोधत नाहीत, कानांनी शोधतात. हे ज्याला पटत नसेल त्याने दत्ताराम कोयंड्यांना विचारून बघावं. हल्ली म्हातारा फारसं बोलत नाही ही गोष्ट वेगळी. तेव्हा बोलायचा, आणि एकदा सुरू झाला की समोरच्याचा चहा थंड झाल्याशिवाय थांबायचा नाही.

वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं, दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि श्वास रोखून बसायचं. खाली घोळींचा जमाव असला, तर लांबच्या देवळात ढोल वाजावा तसा घुमारा लाकडातून चढत कानात येतो. देवसाळच्या गाबीत मच्छीमारांत हे कान दोघातिघांनाच असायचे, आणि त्यांत दत्तारामांच्या कानांना तोड नव्हती.

या ऐकण्याचा एक रिवाज होता. आवाज लागला की तो पोटात ठेवायचा नाही. होडीत उभं राहायचं आणि वल्हं आभाळाकडे उभं धरायचं. नजरेच्या टप्प्यात असतील तेवढ्या होड्यांनी यायचं, जाळी मिळून टाकायची, वाटे सगळ्यांना सारखे. विधवेच्या घरीसुद्धा वाटा जायचा. ज्याने आवाज लपवला त्याच्या हाती गावाने पुन्हा वल्हं दिलं नाही. दत्तारामांच्या सख्ख्या काकावर ही पाळी आली होती. तो पुढे बंदरावर बर्फ फोडत म्हातारा झाला आणि तसाच मेला. त्याच्याशी कोणी भांडलं नाही की कोणी त्याला टाकून बोललं नाही. फक्त त्याला कोणी होडीत घेतलं नाही, आणि दत्ताराम ते लहानपणी बघत होते.

मग घोळीच संपल्या. कोणी म्हणे दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींनी संपवल्या, कोणी म्हणे खाडीकाठचं तिवरांचं रान तोडलं म्हणून पिल्लांना आसरा उरला नाही. दोन्ही खरं होतं. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या फुग्याला, परदेशात सोन्याची किंमत, तेव्हा शेवटची घोळ मिळेपर्यंत कोण थांबणार! हेमांगी, दत्तारामांची एकुलती मुलगी, बारावीत होती तेव्हा देवसाळात शेवटचं वल्हं उभं राहिलं. त्यानंतर गावातली पोरं गोव्याच्या हॉटेलांत कामाला गेली, होड्या माडाखाली पालथ्या पडल्या, आणि दत्ताराम तेवढे रोज तिन्हीसांजेला आपली लहान होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जाऊन कान लावून बसत राहिले.

"काय दत्ताकाका, आज समुद्र काय म्हणता?" बंदरावरून कोणीतरी हमखास विचारायचं.

"म्हणता, त्या सुहासाक आधी आंघोळ करूक सांग," म्हातारा उत्तर द्यायचा आणि बंदर खिदळायचं.

सुहास जुवाटकर हा हेमांगीचा मावसभाऊ, आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. सोसायटीत मच्छी नव्हती, पण अध्यक्ष होता.

---

हेमांगी शिकली, बाहेर राहिली, आई गेल्यावर परत आली आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर नव्याने उभ्या राहिलेल्या संशोधन केंद्रात लागली. तिथे ती जे करत होती ते बापाला सांगायची तिला चोरी होती. तिला सगळ्यात जास्त सलायचं ते हेच, कारण तिचं सगळं काम बापाच्या वल्ह्यातूनच निघालं होतं.

गोष्ट अशी. घोळीचा नर पोटातल्या फुग्यावर, म्हणजे त्याच बोतावर, स्नायू आपटून ढोल वाजवतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि खूप लांब जातो. एक वाजवू लागला की दुसरे येतात, पुष्कळ नरांचा मिळून गजर झाला की माद्या येतात, आणि मग अंडी पडतात. पण त्याला गजर लागतो. एकटादुकटा नर कितीही वाजवू दे, मादी फिरकत नाही. मासे अगदीच थोडे उरले की ते समुद्रात असूनही नसल्यासारखे होतात. आहेत, पण एकमेकांना सापडत नाहीत. म्हणून पिल्लं नाहीत, आणि म्हातारे होऊन एकेक मरून जातात. हेमांगीच्या वरिष्ठ, डॉक्टर कुंदा रेगे, म्हणायच्या की शेवटच्या घोळी जाळ्यात मरणार नाहीत, एकटेपणाने मरतील.

यावर केंद्राने एक यंत्र बनवलं. पिंपाएवढं, समुद्राच्या तळाशी बसवायचं, आणि पाण्यात गजर सोडणारं. हेमांगीने त्याचं नाव ठेवलं ढोल्या. ढोल्या नुसता वाजवत नसे, तो ऐकतही असे. खरे नर वाजवू लागले की तो आपला आवाज उतरवी, त्यांचा गजर पुरेसा झाला की गप्प होई, आणि ते थांबले की पुन्हा सुरू करी. सुरुवातीला परदेशातल्या ध्वनिफिती घालून पाहिल्या, पण एकही मासा फिरकला नाही. प्रत्येक किनाऱ्याच्या घोळीचा ठेका वेगळा असतो, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग हेमांगीला आठवलं, की शाळेत असताना तिने एकदा मोबाइल पिशवीत गुंडाळून बाबांच्या वल्ह्याच्या टोकाला दाबून धरला होता. ते ध्वनिमुद्रण जुन्या फोनमध्ये अजून होतं. खरखर होती, मध्येच बाबा "हलव नको गो" म्हणाले होते, पण ठेका स्वच्छ होता. तेवढ्यावर ढोल्या देवसाळची भाषा शिकला.

"हे कोणाला कळता कामा नये," रेगेबाईंनी बजावलं. "या टापूत जाळ्याला बंदी आहे, पण राखायला आपली एक लाँच. घोळ जमतेय असं नुसतं कुजबुजलं तरी मुंबईपासून कारवारपर्यंतच्या बोटी इथे येतील. तुझ्या वडिलांनासुद्धा नाही, हेमांगी."

"बाबांना सांगायचं तर मलाच नकोय, मॅडम," हेमांगी म्हणाली. "सांगितलं तर त्यांना गप्प राहावं लागेल. आणि ते त्यांना जमायचं नाही. मरतील ते."

हे तिला अगदी मनापासून वाटत होतं. ती बापाला वाचवत होती. त्याच्यावर आपला विश्वास नाही हे मात्र तिने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

---

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली आणि एका दुपारी केंद्रातल्या पडद्यावर ढोल्याची रेघ खाली आली. यंत्र बिघडलं असं समजून हेमांगीने कानाला हेडफोन लावला. ढोल्या बिघडला नव्हता. तो ऐकत होता. त्याच्या ठेक्याला कोणीतरी उलट ठेका देत होतं. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा, जरा घोगरा.

"मॅडम, आली! अगं बाई, आली हो!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा शिपाई धावत आला. रेगेबाई एरवी हसायला पैसे पडतील अशा वागायच्या, पण त्यांनीही त्या दिवशी सगळ्यांना भजी मागवली.

तोवर ढोल्याचा आवाज खाडीच्या तोंडापर्यंत पोचेल एवढा नव्हता; आता केंद्राने तो वाढवला. पुढच्या आठवड्यांत पाच झाले, दहा झाले, मग मोजता येईनात. गजर पुरता भरला आणि ढोल्या पहिल्यांदाच पूर्ण गप्प बसला. पाण्याच्या नमुन्यात फलित अंडी सापडली. केंद्राने त्यातली मूठभर आणून टाकीत सोडली, आणि डोळ्यांचे दोन ठिपके असलेले काचेसारखे धागे त्यात वळवळू लागले. हेमांगी टाकीपुढे बसून राहायची. घरी कधी जाते आणि बाबांना सांगते असं तिला व्हायचं, आणि घरी गेल्यावर ती भाजी चिरत गप्प बसायची.

आणि अशाच एका संध्याकाळी दत्ताराम होडी तशीच वाळूवर टाकून, ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आले. चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"हेमा, ऐकलंय गो! ढोल! तसोच ढोल!"

विळीवरचा हेमांगीचा हात थांबला. हे होणार हे तिला ठाऊक होतं. पाण्यात आवाज किती लांब जातो हे तिच्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक? बाबांना खोकल्याचं निमित्त काढून घरी बसवायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता, पण म्हातारा ऐकतोय कुठला.

"वल्हा उभा केलात?" तिने विचारलं.

"नाय गो. बघूक कोण होता थयसर? उद्या सगळ्यांका घेवन जातंय."

तेव्हा, त्या एका क्षणात, तिने ते केलं. "बाबा, भास असतलो," ती म्हणाली. "कान वाजतत तुमचे. वय झाला आता. घोळ खय आसा हल्ली? लोक हसतले."

दत्ताराम तिच्याकडे बघत राहिले. फुललेला चेहरा हळूहळू विझला. हेमांगीला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं आणि सगळं सांगून टाकावं. पण ती विळीवर बसून राहिली.

"असात, भास असात," ते म्हणाले. पाय पुसायचं फडकं शोधू लागले आणि समोर असूनही त्यांना ते दिसेना.

---

हेमांगीला वाटलं, निभावलं. पण ज्या माणसाने जन्मभर कानांवर भाकर खाल्ली, त्याला तुझे कान गेले म्हटल्यावर तो स्वस्थ कसा झोपेल? दोन दिवस दत्ताराम ओटीवर बसून होते. कोणी बोललं की मान वाकडी करून, ऐकू येतंय की नाही ते तपासत होते. तिसऱ्या दिवशी ते सुहासच्या दारात गेले.

"सुहासा, माझ्यावांगडा होडयेत चल. माका काय ऐकाक येता ता तुका येता काय बघ. हेमा म्हणता माझे कान गेले."

सुहास म्हाताऱ्याची कीव येऊन गेला. काकांचं मन राखू, होडीत बसू, नाही ऐकू आलं म्हणून सांगू, असं त्याच्या मनात होतं. खाडीच्या तोंडाशी त्याने वल्ह्याचं टोक कानामागे टेकवलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. समुद्र खालून गर्जत होता.

दत्ताराम रडले म्हणतात. मग होडीत उभे राहिले आणि त्यांनी वल्हं आभाळाकडे उभं धरलं.

गावात ज्या म्हाताऱ्या बायका ओट्यावर तांदूळ निवडत होत्या त्यांनी ते आधी पाहिलं. इतक्या वर्षांनी पाहिलं, पण ओळखायला क्षण लागला नाही. मग काय, माडाखालच्या होड्या सुलट्या झाल्या, माळ्यावरची जाळी निघाली, सुट्टीवर आलेली पोरं हॉटेलच्या गणवेशातच पाण्यात उतरली. कोणाला बंदी आठवली नाही. ज्या पाण्यात मासाच नव्हता तिथली बंदी कोण लक्षात ठेवतो?

केंद्रातल्या पडद्यावर हेमांगीला आधी होड्यांच्या आवाजाची रेघ दिसली. ती आणि रेगेबाई लाँच घेऊन पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं आणि जाळ्यांचं कडं पुरं झालं होतं. हेमांगी घसा फुटेस्तोवर ओरडली. हाताने जाळं सोडवायला गेली, बोटं चिरली. कोणी तिला ढकललं नाही. तिला वाटलं तसं कोणी चिडलंही नाही. सगळे हसत होते, एकमेकांना हाका मारत होते, तिलाही हात करत होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिचा बाप होडीत उभा होता, वल्हं अजून उभंच धरून. तिला बघून त्याने ते आणखी उंच केलं. बघ, माझे कान गेले नव्हते!

वाळूवर घोळी टाकल्या. माणसाच्या मांडीएवढ्या, सोनेरी अंगाच्या. त्यांतले नर हवेतही ढोल वाजवत होते, हळूहळू मंद होत. बायकांनी पहिलीचं पोट चिरलं तर आत बोताआधी गाबोळीच, अंड्यांची पिशवी, हाताला लागली. दुसरीतही गाबोळी. जितक्या माद्या, तितक्यांत गाबोळी. मग हसणं जरा कमी झालं. जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

हेमांगी वाळूत बसकण मारून बसली होती. सुहास तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिने त्याला थोडक्यात सगळं सांगितलं, ढोल्या, अंडी, सगळं. आता लपवून काय राहिलं होतं?

"आमका आधी सांगला असतंस तर आमी राखण केली असती," तो म्हणाला.

"केली असती?"

सुहास पायाने वाळू उकरत उभा राहिला. मग म्हणाला, "काकांक यातला काय सांगा नको. यंत्राचा तर नकोच. गावात कोण सांगूचा नाय, मी बघतंय."

दत्ताराम पाण्याच्या कडेला उभे होते. गाबोळी त्यांनीही पाहिली होती. वाटा घेऊन आलेल्या पोराला त्यांनी हाताने परत पाठवलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. ते कोणाशी न बोलता होडीत बसले आणि पुन्हा खाडीच्या तोंडाकडे निघाले. हेमांगी घाबरून मागून धावली आणि होडीत चढली.

त्यांनी वल्हं पाण्यात घातलं, टोक कानाला लावलं. बराच वेळ काही नाही. मग त्यांच्या अंगातून एकदम हिसका गेला.

"हेमा! अजून आसत गो! ऐक, ऐक. सगळी नाय गेली. देवा म्हाराजा, सगळी नाय गेली!"

तिने टोक कानाला लावलं. ठेका भरगच्च, स्वच्छ, एकसारखा. खालचे मासे थांबले तेव्हा ढोल्याने ते ऐकलं होतं, आणि त्याला शिकवलं होतं तसा तो पुन्हा सुरू झाला होता.

"आसत, बाबा," ती म्हणाली. "बरीच आसत."

---

म्हाताऱ्याला त्याच आवाजावर जगता आलं. रोज सकाळ-संध्याकाळ जायचा, ऐकायचा, आणि येऊन पोटभर जेवायचा. वल्हं मात्र त्याने पुन्हा उभं केलं नाही. आवाज पोटात ठेवला, जन्माचा रिवाज मोडला, आणि गावाने बघून न बघितल्यासारखं केलं.

पण बातमी फुटायची ती फुटली. बाहेरच्या बोटी बंदीच्या हद्दीबाहेर येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांना वल्हं लागत नव्हतं, त्यांच्याकडे पाण्यात सोडायचे कान होते. ढोल्या साद घालायचा, कुठून तरी लांबून उरलीसुरली एखादी घोळ त्या गजराकडे निघायची, आणि वाटेतच जाळ्यात जायची. एकटेपणातून वाचवायला बनवलेलं यंत्र आता शिकाऱ्याचं आमिष झालं होतं.

"तो बंद करायला हवा," रेगेबाई म्हणाल्या. त्या खूप थकलेल्या दिसत होत्या. "तूच कर, हेमांगी. माझ्याच्याने होत नाही."

"करते, मॅडम."

तिने केला नाही. आज करते, उद्या करते म्हणत राहिली. सकाळी बाप तोंडभर हसत बंदराकडे निघाला की तिचा हात बटणावरून मागे यायचा. त्या टाळाटाळीत बाहेरच्या बोटींनी आणखी दोन माद्या धरल्या. त्यातली एक लिलावात गेल्याचं तिला मोबाइलवर दिसलं. पोट फुगलेलं होतं. हेमांगीने मोबाइल पालथा ठेवला, केंद्रात गेली आणि ढोल्या बंद केला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. टाकीत बोटभर लांबीची थोडी पिल्लं फिरत होती. त्यांना कंठ फुटायला अजून चार-पाच वर्षं होती, तीही जगली तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांबरोबर होडीत गेली. वल्हवते मी, तुम्ही आरामात बसा, म्हणाली. पाणी तेलासारखं शांत होतं. तोंडाशी पोचल्यावर तिने हात थांबवले. दत्तारामांनी दुसरं वल्हं पाण्यात घातलं आणि टोक कानामागे टेकवलं. डावा कान झाला, मग उजवा. मग पुन्हा डावा. होडी आपोआप हळूहळू वळत राहिली.

"आज काय ऐकाक येणा नाय," ते म्हणाले.

हेमांगीने वळत चाललेली होडी वल्ह्याने पुन्हा सरळ केली.

त्यांनी वल्हं होडीत आडवं ठेवलं. ओले हात धोतराला पुसले. पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला पेलवेना.

"तू म्हणी होतंस ता खराच काय गो? कान गेले माझे?"

"होय बाबा," हेमांगी म्हणाली. "कान गेले तुमचे."

"मगे बरा." त्यांनी सावकाश मान हलवली. "म्हणजे ती आसत. माकाच ऐकाक येणा नाय."

"होय."

तिने होडी वळवली आणि घराकडे वल्हवू लागली. बाप पाठमोरा बसला होता, खाडीच्या तोंडाकडे पाठ करून. किनारा जवळ आला, माड दिसू लागले. मग मागे वळून न बघता दत्ताराम म्हणाले,

"त्या वल्ह्याच्या खुंटीक जरा तेल लाव गो. मघापासून बारीक करकरता."